फोम तुम्ही लावा, आवाज आम्ही करतो

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या मानपाड्यात सध्या एकाच औषधावर सगळ्यांची श्रद्धा आहे. हॉलमधल्या हळदीचा डीजे रात्री साडेअकराला खिडकीच्या काचा थरथरवतो? फोम लावा. न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर उड्डाणपुलावर चढताना गिअर बदलतात? फोम लावा. वरच्या मजल्यावर स्टूल ओढतात, शेजारच्या गाळ्यात क्लासचे सर माइकवरून त्रिकोणमिती शिकवतात, मेट्रोच्या कामावर ऐन झोपेच्या वेळी कसलंसं यंत्र सुरू होतं? फोम लावा. डोंबिवलीतही एक मानपाडा आहे, तिथल्या रस्त्यालगत राहणाऱ्यांचं रडगाणं आमच्याहून वेगळं नाही आणि त्यांना मिळणारा सल्लाही तोच.

सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच थाटात मांडायचं तर असं: स्पंज जसा पाणी पितो तसा फोम आवाज पितो. दोन इंच जाडीचा, खाचखळग्यांचा, करड्या रंगाचा फोम भिंतीला चिकटवला की खोली साउंडप्रूफ. रेकॉर्डिंग स्टुडिओत नाही का लावत? काही हजारांचं काम, एका दुपारीत संपतं. एवढ्यासाठी सोसायटीच्या सभेत तोंड वाजवायचं कशाला, रात्री पोलिसांना फोन कशाला, हॉलवाल्याशी वैर कशाला? ज्याला त्रास होतो त्याने आपली भिंत सांभाळावी.

या मताचा पहिला अर्धा भाग भौतिकशास्त्रात नापास होतो आणि दुसरा नागरिकशास्त्रात. गंमत अशी की पहिला नापास झाला तरी दुसरा पुढच्या वर्गात जातो. फोम लावून काही झालं नाही तर उत्तर तयार असतं: अजून जाड लावा.

आधी फोमची बाजू घेतो, कारण तो विकणाऱ्यांना त्याची किंमत कळलेली दिसत नाही. उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम म्हणजे बहुतांशी हवाच. त्याच्या आकारमानात शेकडा पंचाण्णवहून अधिक वाटा पोकळीचा, उरलेला सांगाडा. आवाज म्हणजे हवेच्या कणांची पुढेमागे होणारी थरथर. ही थरथर फोमच्या बारीक, वाकड्यातिकड्या वाटांमध्ये शिरली की हवा त्या वाटांच्या भिंतींना घासते आणि घर्षणात तिची शक्ती खर्च होते. शिवाय लाट दाबली जाताना हवा किंचित तापते आणि ती ऊब सांगाडा काढून घेतो. आवाजाची उष्णता होते म्हणतात ती अशी. पण हात लावून फोम गरम झाला का पाहायला जाऊ नका. माणूस साधं बोलतो तेव्हा बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॉटच्या लाखाव्या हिश्श्याच्या घरात असते.

अरुंद नळीत आवाज कसा मरतो याचं गणित किर्खहोफने १८६८ मध्ये मांडलं, रेलेने ते पुढे नेलं. सच्छिद्र पदार्थात हवेबरोबर सांगाडाही थरथरतो, हे धरून मॉरिस बिओने १९५६ मध्ये समीकरणं दिली. १९७० मध्ये इंग्लंडात डेलानी आणि बॅझली यांनी ढीगभर मोजमापं करून दाखवलं की असल्या पदार्थांच्या बाबतीत एका आकड्यावर बरंच काही ठरतं: त्यातून हवा ढकलायला किती जोर लागतो. जोर फारच कमी लागत असेल तर आवाज न घासताच आरपार जातो, फारच जास्त लागत असेल तर तो आत शिरतच नाही, आल्या पावली परततो. कामाचा फोम या दोहोंच्या मधला असतो.

म्हणून फोम विकत घेण्याआधीची परीक्षा अगदी सोपी आहे. तुकडा तोंडाला लावून फुंका. पलीकडे तळहातावर फुंकर लागली तर बोलणी पुढे न्या. थर्माकोलला फुंकून पाहा. गाल फुगतील, पलीकडे काही पोचणार नाही, कारण त्याची छिद्रं बंद असतात. तरी आमच्याकडे थर्माकोलच्या पाट्या ‘आवाजासाठी’ म्हणून भिंतीला लागतात. अंड्यांच्या ट्रेचं तर विचारूच नका. त्यांचा आकार स्टुडिओतल्या फोमसारखा दिसतो एवढ्यावर त्यांना नोकरी मिळाली आहे. पातळ, कडक कागदी लगदा तो, त्यात आवाजाने घासायचं कशाला? आणि जे कुणी खरोखर चांगला फोम लावतात त्यांच्यातलेही काही सहा महिन्यांनी ‘मळका दिसतो’ म्हणून वर रंगाचा हात देतात, म्हणजे पैसे देऊन उघडलेली छिद्रं पुन्हा पैसे देऊन बुजवतात.

आता तो स्पंज. स्पंजाने प्यायलेलं पाणी स्पंजातच राहतं आणि पाणी पातळ असो, दाट असो, स्पंजाला फरक पडत नाही. आवाजाचं तसं नाही. फोम घासून शक्ती काढतो, म्हणजे हवा जिथे जोरात हलते तिथेच त्याला काम. कडक भिंतीला अगदी टेकून हवा हलूच शकत नाही, भिंत तिला सरकू देत नाही. भिंतीपासून लाटेच्या लांबीच्या पाव अंतरावर ती सर्वांत जोरात हलते. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तेव्हा सेकंदाला १,७०० कंपनांच्या चिरक्या आवाजाची लाट २० सेंटीमीटर लांब, तिचा पाव हिस्सा ५ सेंटीमीटर. दोन इंची फोम तिथे मनापासून काम करतो. शिट्टी, टाळी, बोलण्यातले स, श, च हे सगळे त्याच्या तडाख्यात सापडतात.

पण मानपाड्याची झोप स, श, च उडवत नाहीत. झोप उडवतो तो खर्ज: डीजेचा दणका, कंटेनरच्या इंजिनाची घरघर. ६० कंपनांचा दणका घ्या. लाटेची लांबी पावणेसहा मीटर, पाव हिस्सा जवळजवळ १ मीटर ४४ सेंटीमीटर. आमच्याकडची बेडरूम दहा बाय दहा फुटांची, म्हणजे ३०५ सेंटीमीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींना एवढ्या जाडीचा फोम लावला तर मधे १७ सेंटीमीटर उरतात. तेवढ्यात पलंग टाका, कपाट ठेवा आणि शांत झोपा! पूर्ण पाव लांबी भरली नाही, फोममागे थोडी पोकळी सोडली, तर कमी जाडीतही काही काम होतं, हे मान्य. पण ५ सेंटीमीटर आणि १४४ सेंटीमीटर यांमधली दरी ‘थोडी पोकळी’ भरून काढत नाही.

इथे विक्रेता पाकिटावरचा आकडा दाखवतो. ‘एनआरसी ०.९’. म्हणजे नव्वद टक्के आवाज गायब, असं तो छातीठोक सांगतो. हा आकडा २५०, ५००, १,००० आणि २,००० कंपनांवरच्या शोषणाची सरासरी असतो. ज्या पट्टीत आमचा हॉलवाला धंदा करतो ती या हिशेबात धरलेलीच नाही. पण याहून मोठी फसगत ‘शोषण’ नावाच्या मापातच दडली आहे आणि ती समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह निकामी ठरत होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्त्याचे पुढचे दहा-बारा शब्द त्यात मिसळून खिचडी होई. वॉलेस सेबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते सुधारण्याचं काम आलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनच्या नळीचा सूर सोडून तो किती वेळ ऐकू येतो ते मोजायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग त्याने केला. त्यातून घुमण्याचा काळ काढण्याचं ते प्रसिद्ध सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. पण शोषण मोजायचं कशात? सगळा आवाज शोषणारी, काहीही परत न पाठवणारी वस्तू कोणती? सेबाईनने एकक म्हणून घेतली ती उघडी खिडकी.

हे वाक्य फोमवाल्यांनी दुकानावर लावावं. ध्वनिशास्त्रात परिपूर्ण शोषक म्हणजे उघडी खिडकी. तिचा आकडा १, तुमच्या उत्तमोत्तम फोमचा ०.९. कारण या मापाला एवढंच कळतं की खोलीतला आवाज खोलीत परत आला की नाही. तो तिथेच मेला की पलीकडे शेजाऱ्याच्या उशाशी गेला, याची त्याला फिकीर नाही. आता सांगा, रस्त्याचा आवाज अडवायला कुणी खिडकी उघडी टाकतं का? मग खिडकीच्याच जातीचा आकडा पाहून फोम का घेता? आणि वादासाठी समजा की फोम खरोखर नव्वद टक्के शक्तीची उष्णता करतो आणि दहाच टक्के पलीकडे सोडतो. शक्ती दहा पटींनी घटली म्हणजे १० डेसिबल. बाहेरचा ८० डेसिबलचा कंटेनर आत ७०चा होईल. याला साउंडप्रूफ म्हणायचं?

आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जातं. आमच्या टॉवरमध्ये खोल्यांच्या मधल्या भिंती बहुतेक चार इंची सिपोरेक्सच्या ठोकळ्यांच्या असतात. गिलाव्यासकट त्या शंभर किलोंच्या आसपास भरतात. सिपोरेक्स हलका, त्यामुळे इमारतीवरचा भार घटतो, काम भराभर होतं, बिल्डरचे पैसे वाचतात. याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या वाचलेल्या तीनशे किलोंची भरपाई फोमकडून मागण्याला. दोन इंची फोमचं वजन चौरस मीटरला दीड किलो. शंभरात दीड मिळवल्यावर खर्जात अर्धा डेसिबलसुद्धा वाढत नाही. ज्याला भिंत खरोखर सुधारायची आहे त्याने पोकळी सोडून जिप्सम बोर्डाची वेगळी भिंत उभी करावी आणि पोकळीत रॉकवूल भरावं. त्यात सच्छिद्र पदार्थाला काम आहे, पण तो दोन जड थरांमधला मदतनीस म्हणून. एकटा पहारेकरी म्हणून तो कुचकामी.

त्याआधी मात्र खिडकीकडे पाहा. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, तिच्या रुळात बोट जाईल एवढी फट, वर एसीच्या नळीसाठी पाडलेलं आणि अर्धवट बुजवलेलं भोक. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा असला तरी उरलेली भिंत किल्ल्याच्या तटबंदीची का असेना, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. फटी बुजवायला रबराची पट्टी लागते, ती स्वस्त असते आणि भिंतीवर दिसत नाही. ती कोण लावणार! घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवायला काहीच उरत नाही.

वरच्या मजल्यावरच्या स्टुलाचं तर शास्त्रच वेगळं. तो आवाज हवेतून येतच नाही. स्टुलाचा पाय लादीला घासतो, लादी स्लॅबला हलवते आणि काँक्रीटमधून आवाज हवेतल्यापेक्षा साधारण दहापट वेगाने चहूकडे पळतो. मग तुमचं छत, तुमच्या चारही भिंती, सगळेच लाऊडस्पीकर होतात. छताला फोम चिकटवून उपयोग नाही. त्याच फोमाची नाण्याएवढी चकती वरच्यांच्या स्टुलाच्या पायाखाली लावली तर त्रास मुळातच मरतो. किती वेळा सांगितलं तरी लोक चकती न देता स्वतःचं छत मढवतात, कारण चकतीसाठी जिना चढून शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

‘पण आम्हाला फरक जाणवला’, असं सांगणारे भेटतात. जाणवला असेल. रिकाम्या, नुकत्याच रंगवलेल्या खोलीत फोम लावला की टाळीचा घुमारा जातो, बोलणं कोरडं, जवळचं वाटतं आणि तेवढ्याने कानाला शांतता आल्यासारखी होते. बाहेरून आलेला आवाज खोलीत घुमून जेवढा वाढतो तेवढ्यापुरता फोम तो कमीही करतो. पण हिशेब करा. खोलीतलं शोषण दुप्पट केलं तर ३ डेसिबल उतरतात, आणि ज्या बेडरूममध्ये कापसाची गादी, उशा, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आहे तिथे शोषण आधीच बऱ्यापैकी असतं. ते दुप्पट करायला भरपूर फोम लागतो आणि तोही खर्ज सोडूनच. एवढी सूट मी देतो. याहून जास्त नाही.

स्टुडिओचा दाखला देणाऱ्यांनी स्टुडिओचा दरवाजा एकदा उघडून पाहावा. दोन्ही हातांनी ओढावा लागतो. बाहेरचा आवाज अडतो तो त्या दरवाज्याच्या वजनाने, चौकटीभोवतीच्या रबराने, जाड दुहेरी काचेने आणि एकमेकींना न टेकणाऱ्या भिंतींनी. फोम आत असतो तो गायकाचा आवाज माइकमध्ये दुहेरी शिरू नये म्हणून. नाट्यगृहातल्या मऊ अस्तराचं आणि गुबगुबीत खुर्च्यांचंही तसंच. खुर्ची रिकामी असली तरी तिने माणसाइतकं शोषण करावं, म्हणजे सोमवारच्या ओस प्रयोगालाही सभागृह रविवारसारखं वाजावं, हा त्यातला एक हेतू.

आगीबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. साधा पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नावाच्या क्लबात मंचावरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. जानेवारी २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात ‘किस’ क्लबमध्ये तसंच झालं, २४२ गेली. गादीवाल्याकडून आणलेला फोम मुलांच्या खोलीत, स्विचबोर्डाच्या भोवती चिकटवणाऱ्याने तो आगीला दाद न देणारा आहे का, असं एकदा तरी विचारलेलं असतं का?

आता नागरिकशास्त्राचा पेपर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. रात्री ध्वनिक्षेपक बंद. सवलत बंदिस्त जागांना, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल वगैरेंना, आणि तीही आतल्या आत ऐकू येण्यापुरती. खासगी जागेच्या हद्दीवर तिथल्या ध्वनियंत्रणेचा आवाज ठरलेल्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. हद्दीवर, हा त्यातला महत्त्वाचा भाग. हॉलच्या भिंतीला काय चिकटवलं आहे हे नियम विचारत नाही. ‘आमचा हॉल बंदिस्त आहे, सगळीकडे अकॉस्टिक फोम आहे,’ हे उत्तर मग कशाचं उत्तर आहे? त्या फोमने आतल्या पाहुण्यांना सनई स्पष्ट ऐकू येत असेल. आमच्यापर्यंत पोचणारा दणका पत्र्याच्या छतातून आणि जेवणाच्या बाजूच्या सताड उघड्या दारातून येतो.

नियमांतही एक खोट आहे. मोजणी होते ती कानाच्या कलाने तोललेल्या डेसिबलमध्ये आणि त्या तराजूत ६३ कंपनांच्या आवाजाला २६ डेसिबलची सूट मिळते. डीजेचा खर्ज छातीत जाणवतो, काचेत वाजतो आणि यंत्रावर गरीब दिसतो. त्यातही तो मर्यादा ओलांडतो, यावरून मूळ दणक्याची कल्पना यावी.

हे सगळं ठाण्याला नवं नाही. डॉ. महेश बेडेकर याच शहरातले. त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं पुरवायला सांगितलं, तक्रारदाराला संरक्षण मिळेल अशी सोय करायला सांगितलं. एका डॉक्टरने वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून जे मिळवलं, ते आम्ही सोसायटीच्या सभेत ‘तुम्ही फोम का नाही लावत?’ या एका प्रश्नात घालवतो. आवाज करणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, ऐकणाऱ्याच्या भिंतीचा मात्र पंचनामा करायचा! नाक्यावर कचरा जाळणाऱ्याला मोकळं सोडून आम्हाला मास्क वाटले असते, तर आम्ही गप्प बसलो असतो का?

आणि ज्यांनी आवाज शोषणारे पदार्थ खरोखर लावायला हवेत, त्यांना कुणी सांगत नाही. गाळ्यातला क्लास घ्या: आठ बाय सहा मीटर, उंची तीन, घनफळ १४४ घनमीटर. कडक फरशी, कडक भिंती, कडक छत. घुमण्याचा काळ समजा २ सेकंद. सेबाईनच्या सूत्राने एकूण शोषण साडेअकरा चौरस मीटर. छताच्या ४८ चौरस मीटरपैकी ३० चौरस मीटरला ०.९ शोषणाच्या, न पेटणाऱ्या खनिज तंतूंच्या टाइल लावल्या तर शोषण साडेअडतीस होतं आणि काळ ०.६ सेकंदावर येतो. वर्गखोलीसाठी अमेरिकेत मानक म्हणून ठरवलेला आकडा हाच. मग मागच्या बाकावरच्या पोराला त्रिकोणमिती माइकशिवाय कळेल, सरांचा घसा वाचेल आणि शेजारच्या भिंतीपलीकडे जाणारा आवाज मुळातच उतरेल. अकॉस्टिक उपचाराची खरी जागा ही, आवाज जन्मतो तिथे. पण क्लासवाल्याला हे कोण सांगणार? आम्ही सांगतो ते क्लासच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या आजींना.

तेव्हा पुढच्या सभेत सेक्रेटरींनी फोमचं कोटेशन फिरवू नये. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांना त्यांच्या यंत्रासकट हॉलच्या कुंपणापाशी बोलवावं, आकडा लिहून घ्यावा आणि तो ४५ अधिक ५ यांच्या वर असेल तर पंचनाम्यावर सोसायटीच्या वतीने पहिली सही स्वतः करावी. हॉलवाल्याने दुहेरी दारं बसवावीत, पत्र्याखाली जड छत घालावं, खर्जाचे स्पीकर जमिनीवरून उचलून रबरावर ठेवावेत, नाहीतर आवाज कमी करावा, जो उपाय फुकट आहे. हे त्याचं काम आहे, त्याच्या खर्चाने. आमच्या भिंतींना यात कुणी हात लावायचा नाही.